नंबर एकेचाळीस

(रोसारिओ, आर्जेन्टिना. अंगणात म्हातारा गवंडी ओविदिओ आणि त्याची संशोधक मुलगी नेरेआ. माते या कडू काढ्याचा एकच पेला दोघांत फिरतोय.)

ओविदिओ : ...आणि मला सर्जनच्या तोंडून कळावं? पोटच्या पोरीला माझी किडनी हवीय, आणि ती मिठाची गुळणी धरून बसलीय!

नेरेआ : बाबा, मला नाही, प्रयोगशाळेला हवीय.

ओविदिओ : त्या प्रयोगशाळेत तू काय झाडू मारतेस?

नेरेआ : कोणत्या तोंडानं मागू? आजी याच आजारानं गेली. उद्या तुझी ती फुटबॉलएवढी किडनी काढणार, आणि मी म्हणू, मला दे?

ओविदिओ : म्हणायचंस. संमतीपत्रावर सही केलीय मी. आता सांग, करणार काय तिचं?

नेरेआ : किडनीत बारीक नळ्या असतात. प्रत्येकीला बाहेरून अस्तर. काही एन्झाइमं ते अस्तर तोडतात.

ओविदिओ : तोडफोडीचे गडी.

नेरेआ : हो. चांगल्या किडनीतही लागतात, डागडुजीला. थोडं जुनं काढतात, थांबतात. तुझ्यात ते थांबत नाहीत असा आमचा संशय आहे. अस्तर सैल पडतं, नळी फुगते, तिची पाण्याची पिशवी होते.

ओविदिओ : मुकादम झोपलाय म्हण की!

नेरेआ : तसंच समज. त्यांना आवरणारं औषध उंदरांना दिलं, तर पिशव्या कमी झाल्या. माणसाचं अजून ठरायचंय.

ओविदिओ : मग माझ्यावरून ठरव. नाव छापून येईल ना? ओविदिओ बर्तोल्दी, गवंडी?

नेरेआ : नाव नाही रे. नुसता नंबर. एकेचाळीस.

ओविदिओ : हात्तिच्या! असू दे. अर्धं रोसारिओ उभं केलं मी, एका विटेवर नाव नाही. पण प्रयोगशाळेत ती कापायची तूच.

नेरेआ : नको बाबा. दुसरं कुणी कापेल. तुझीच किडनी मी कशी कापू?

ओविदिओ : माझी आहे म्हणूनच. माझ्या आईला डॉक्टरांनी आजाराचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. चौथीही न शिकलेली बाई, तिला काय कळणार म्हणून. आज तिची नात त्या आजाराची उलटतपासणी घेतेय. आणि मी ती किडनी परक्याच्या हाती देऊ?

नेरेआ : ...बरं. मीच कापीन.

ओविदिओ : आणि तिथे कुणी विचारलं, कुणाची गं ही?

नेरेआ : सांगायचं नाही. नियम आहे.

ओविदिओ : मग नको सांगूस. फक्त ताठ उभी राहा.