पाठीतून की पोटातून?

...अहो, पाठ कुणाची? माझी! आणि हात वर कोण करतंय? अख्खी चाळ! तुम्हाला सांगतो, लालबागेत तेव्हा दिवसाआड सभा, झालाच पाहिजे, झालाच पाहिजे... लोकांना ठराव केल्याशिवाय चहा गोड लागेना! आणि मी सहा महिने आडवा. अहो, गिरणीत आठ आठ तास कापडाच्या साच्यावर उभा राहणारा माणूस मी, कमरेतला मणका सरकला नि मोरीपर्यंत जायला बायकोचा खांदा! पुन्हा उभा राहीन का, एवढंच डोक्यात.

परळच्या इस्पितळात थोरले डॉक्टर म्हणाले, "भिवा, पाठीतून उघडू. खुब्याजवळचा हाडाचा तुकडा घेऊ, दोन मणके सांधून टाकू. रस्ता माहितीचा." धाकटे विलायतेहून आलेले, ते म्हणतात, "पोटातून जाऊ या ना सर! पाठीचे स्नायू शाबूत राहतात, हाड समोरून नीट बसतं." थोरले म्हणाले, "आणि वाटेत मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, त्यांचं काय?" मी एकदा इकडे बघतोय, एकदा तिकडे... म्हटलं, घरी विचारून सांगतो. चुकलो!

आमच्या चाळ कमिटीचा अध्यक्ष राजाराम, त्यानं गॅलरीत सभाच लावली! "पोटातून कशाला? पोट बिघडलंय का त्याचं?" "अरे पण पाठीवर टाके घेऊन निजणार कसा मेला?" पोरं ओरडतायत, "पाठीतून झालंच पाहिजे!" मी आतून, अंथरुणातून हात वर केला, तर राजाराम म्हणतो, "पेशंटला मत नाही!" अहो, पाठ कुणाची? माझी! एकोणीस-एकोणीस झाले, मग अध्यक्षांचं जादा मत... पाठीतून!

ठराव सह्यांनिशी इस्पितळात. थोरल्यांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला, म्हणाले, "एक्स-रेचे फोटो बघून आम्ही दोघांनी कालच ठरवलंय. पाठीतूनच." झालं! राजारामची छाती ही एवढी!

प्लास्टरात किती महिने काढले विचारू नका. पण परवा, तुम्हाला सांगतो, तीन जिने चढून आलो, माझ्या पायांनी! कौसल्या, बायको माझी, दारातच रडायला लागली, मीही रडलो, लाज कसली? म्हटलं, आता आत जाऊन जरा... कुठलं! गॅलरीत सत्कार! पाठ कुणाची? माझी! हार राजारामला, खुर्ची राजारामला, भाषणही राजारामचंच... तासभर! नि मी उभा. अहो, तासभर, कशालाही न धरता! शेवटी हळूच विचारलं, "अध्यक्षमहाराज, आभार कोण मानणार?"

"तूच की!"

मानले.