टोकाच्या गाळ्यातली माया

बसा. मागचे पण बसा. खुर्च्या कमी पडल्या तर खाली बसा, जमीन स्वच्छ आहे. सकाळी मीच झाडून घेतली.

कुणी बंदरावरून आलात, कुणी वाडीतून, कुणी दाभोळहून एसटी धरून आलात. माझ्या सुनेसाठी आलात, बरं केलंत. मला बोलायला उभं केलंय, पण हे बोलणं सोपं नाही. सासूने सुनेबद्दल चांगलं बोलायचं, ते पण माईकवर! नातीने कागद लिहून दिलाय. त्यात पहिल्याच ओळीत 'अपरिमित हानी' आहे. मी दुसरीपर्यंत शिकले, त्यातही दुसरीत दोनदा बसले. तो शब्द माझ्या तोंडात बसत नाही. कागद ठेवला बाजूला.

विद्या गेली. तापाचं निमित्त झालं आणि गेली. घरात रडून झालंय. इथे मी रडायला उभी नाही. भांडायला उभी आहे.

मघाशी बापूशेठनी जाहीर केलं. विद्याच्या स्मरणार्थ या हॉलच्या समुद्राकडच्या टोकाला चिऱ्याची भिंत, भिंतीत कमान, कमानीवर तिचं नाव संगमरवरात. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत टाळ्या!

बापूशेठ, तुम्ही मंडळाचे अध्यक्ष. राग मानू नका. मानलात तरी चालेल. ती कमान होणार नाही.

का होणार नाही, ते ऐका.

तुम्ही बसलाय तो सुक्या मासळीचा हॉल विद्याने बांधला. बांधला कसला, जुळवला. लोखंडाच्या फ्रेमा आमच्या वर्कशॉपमध्ये केल्या, ट्रकवर घातल्या, इथे कातळावर आणून नट-बोल्टने जोडल्या. दोन फ्रेमांच्या मधली जागा म्हणजे एक गाळा. गाळे जोडत जाल तसा हॉल लांब होतो. इथे जागेवर एक टाका वेल्डिंग नाही. मी विचारलं तर बोलली, "आई, वेल्डिंगने वरचं जस्त जळतं. जळलं तिथूनच खारं वारं लोखंड खातं."

आणि कागदावरचा नकाशा नंतर. आधी तिने या कातळावर खडूने अख्खा हॉल आखला होता. सुकी मासळी ठेवणाऱ्या बायकांना बोलावून घेतलं. ही हमीदा बसली आहे समोर, तिला विचारा. डोक्यावर टोपली देऊन तिला खडूच्या रेघांतून चालवली.

"वळ इथून," विद्या बोलली.

"अगो, इथे भिंत कुठाय?"

"आहे असं समज. कोपर लागलं?"

"लागलं."

"मग दार आणखी रुंद."

लोक रस्त्यावर उभे राहून हसत होते. नसलेल्या भिंतीला बाई अडखळते! हसा. आज त्याच दारातून दोन टोपल्या शेजारून जातात.

हसायचं म्हणाल तर तुम्ही त्याच्याही आधी हसलात. तिचा पहिला हॉल, आंब्याच्या पेट्यांसाठी केलेला, तो वाऱ्याने उचलला होता. दार उघडं राहिलं, वारं आत शिरलं आणि छपराला खालून ढुशी मारली. पत्रे गेले शेजारच्या बागेत. दुसरी कोणी असती तर तोंड लपवून बसली असती. ही बोंब मारत सगळ्या वाडीला सांगत सुटली, "चूक माझी! मी हॉल उभा केला, धरून ठेवला नाही!" मग मला समजावलं, की हलकं बांधकाम पडत नाही, उडतं. त्याला खाली धरून ठेवायला लागतं. त्यानंतर तिने कातळात खोल बोल्ट गाडल्याशिवाय एक खांब उभा केला नाही. तुमच्या खुर्चीशेजारच्या खांबाला लाथ मारून बघा. पायच दुखेल.

पण नाव पडलं ते पडलंच. 'विद्याचा पतंग.' कुणी पाडलं? मान खाली घालू नका बापूशेठ, तुम्हीच पाडलंत. जिवंत होती तेव्हा पतंग, आणि मेल्यावर कमान?

ती काही गरीब गाय नव्हती. तोंडाने माझ्या वरचढ. माझ्या स्वयंपाकघरातल्या फळ्या काढून तिने बोल्टच्या फळ्या बसवल्या आणि वर मलाच बोलली, "बरण्या मोजून ठेवा, फळी वाकली तर मला सांगायचं नाही." मी लोणच्याची मोठी बरणी मुद्दाम मधोमध ठेवली. फळी काही वाकली नाही. आम्ही भांडायचो. उद्या परत आली तर परत भांडेन.

आता मुद्दा. हा हॉल उभा राहिला तेव्हा मी त्या टोकाला गेले. बघते तर शेवटच्या फ्रेमला भोकं. रांगेने भोकं, सगळी रिकामी.

"ही कसली भोकं गो?"

"पुढच्या गाळ्याची."

"पुढचा गाळा मागितलाय कोणी?"

"आज नाही मागितला."

मी जन्मभर ब्लाउज शिवले. माझ्या लगेच ध्यानात आलं. मी बोलले, "म्हणजे माया सोडलीस."

बायकांनो, तुम्हाला ठाऊक आहे, पुरुषांसाठी सांगते. ब्लाउज शिवताना शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. बाई अंगाने भरली की टाका उसवायचा, माया बाहेर काढायची, तोच ब्लाउज परत होतो. जो शिंपी माया सोडत नाही तो कापडचोर. त्या दिवसापासून आमच्या वर्कशॉपात त्या भोकांना मायाच म्हणतात. सकाळी सकाळी माझ्या मुलाला, दिनेशला, बायकोची हाक यायची, "दिनेश, माया पाडलीस का?" नवीन गिऱ्हाईक आलं की चक्रावायचं.

रुमाल काढू नका. मी कापडाची माया सांगते आहे.

म्हणून टोकाची भिंत नुसत्या पत्र्यांची आहे, बोल्टवर. ती खोलायची, पुढची फ्रेम उभी करायची, तेच पत्रे पुढे नेऊन लावायचे. आणि तिथे तुम्ही चिरा रचणार! एकदा चिऱ्याची भिंत बसली की पुढचा गाळा कुठून जोडणार? चिऱ्याला माया नसते, बापूशेठ.

आणि गाळा लागणार आहे. हमीदाने विद्या आजारी पडायच्या आधीच मागितलाय. माल वाढला. परवा मला बोलली, "आजी, अर्धी मासळी ताडपत्रीखाली, अर्धी आमच्या खाटेखाली. पाऊस लागला की ताडपत्रीखालची कुजली. मग वर्षभर पोरांना घालू काय?" या बायकांचं वर्ष त्या मासळीवर आहे. कमानीखाली उभं राहून फोटो काढतील, पण बोंबील कमानीवर ठेवता येत नाहीत.

गाळ्याच्या फ्रेमा तयार आहेत. विद्यानेच करून ठेवल्यात, बाहेर पडल्या आहेत. इस्पितळात हाताला सुई, अंगात ताप, आणि मला विचारते काय? "आई, फ्रेमांच्या खाली लाकडं सरकवली का? पाणी साचलं तर गंज धरेल." माणूस शेवटी देवाचं नाव घेतं म्हणतात. हिने लाकडं विचारली. मी बोलले, "सरकवलीत. झोप." सरकवली होतीच. मी स्वतः उभं राहून सरकवून घेतली होती.

आणि काल त्याच फ्रेमांच्या अंगावर तुम्ही चिऱ्याचा ट्रक खाली केलात. मला विचारलं नाहीत. दिनेशला विचारलंत, आणि तो बिचारा सध्या कशालाही मान हलवतो. मघाशी बापूशेठ माझ्या कानात बोलले, "काकी, आधी स्मारक होऊ दे, गाळ्याचं पुढच्या वर्षी बघू." कुठून बघणार? कमानीतून डोकावून?

दिनेश पण बोलला, "आई, लोकांना वाईट वाटेल." वाटू दे. माझी सून गेली, मला पण वाईट वाटलंय. एकेकाला थोडंथोडं वाटू दे.

तुमचा चिरा फुकट जायचा नाही. त्याचे आत ओटे रचू, म्हणजे मासळीच्या गोणी जमिनीला टेकणार नाहीत. नावाचं म्हणाल, तर नवीन गाळ्याच्या शेवटच्या फ्रेमला पण तिने परत भोकं पाडून ठेवलीत. रिकामी. मला तेवढं नाव पुरे.

आता उभे राहा. मोबाईल बंद करा. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, खोकला आला तर दाबा. ऊन उतरतंय, पत्रा आखडून टकटक वाजेल, त्याला घाबरू नका. ती असती तर बोलली असती, वाजू दे, पत्र्याला पण हलायला जागा लागते.

आणि दोन मिनिटं झाली की घरी पळायचं नाही. बायकांनी खुर्च्या उचलायच्या, पुरुषांनी टोकाला यायचं. दिनेशने बोल्ट खोलायचे पाने आणून ठेवलेत, तुम्हाला पण एक आहे बापूशेठ. भिंत आज खोलायची. पहिला बोल्ट मी सोडवणार. माझ्या हातात जोर नाही, म्हणून दिनेशला तो आधीच ढिला करून ठेवायला सांगितलाय.

हसू नका. उभे राहा.