मेव्हण्याची थट्टा

(फिजीतलं किनाऱ्याकाठचं एक गाव. रविवारची प्रार्थना आटोपली आहे. तोमासी घराच्या पायरीवर बसलाय, रुपेनी खाली गवतात.)

रुपेनी : पण मला अहोजाहो कशाला करतोयस? मामेभाऊ ना मी तुझा? आपल्यात मामेभाऊ म्हणजे मेव्हणाच. लहानपणापासून शिव्या घालत आलास मला.

तोमासी : वर येऊन बसा. गवत ओलं आहे.

रुपेनी : असू दे ओलं. दोन शिव्या दे, मग येतो.

तोमासी : हल्ली सुचत नाहीत. काय बोलायला आलात ते बोला.

रुपेनी : माफी मागायला आलोय. माफी मागताना द्यायची ही यांगोनाची मुळं आणलीत, रीतीप्रमाणे. गेल्या आठवड्यात हॉटेलात, मीटिंगमध्ये मी जे बोललो…

तोमासी : सगळेच हसले. तुमचा एकट्याचा काय दोष.

रुपेनी : सुरुवात मी केली. लाँड्रीचा मुकादम मी. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, कुणाच्या मनावर ताण असेल तर मोकळेपणानं सांगा, आणि अख्ख्या लाँड्रीत उठून उभा राहिलास तो तू एकटा. म्हणालास, झोप लागत नाही, हात थरथरतात, ड्रायरच्या मागं जाऊन रडतो. आणि मी…

तोमासी : ‘रड, रड, तेवढंच चादरी धुवायचं पाणी वाचेल.’

रुपेनी : मेव्हण्याची थट्टा नाही केली तर लोक म्हणतात, यांचं काहीतरी बिनसलंय. सवयीनं निघून गेलं रे तोंडातून.

तोमासी : विनोद चांगला होता. मीसुद्धा हसलो. त्याचीच जास्त लाज वाटते मला. स्वतःचं रडणं सांगायला उभा राहिलो आणि स्वतःच त्यावर हसून खाली बसलो. मॅडमनी वर कळवलं म्हणे, लाँड्रीतलं वातावरण अगदी खेळीमेळीचं आहे. दुसऱ्या दिवशी गेटातून आत पाऊल टाकवेना.

रुपेनी : उद्या ये. सगळ्यांसमोर माझी चूक कबूल करतो. इस्त्रीवर नको उभा राहूस, बसून घड्या घाल. तू गेल्यापासून तिथं कुणी तोंड उघडत नाही. गाणीसुद्धा बंद झालीत.

तोमासी : एक विचारू? ही मुळं तुमची की हॉटेलची?

रुपेनी : का रे?

तोमासी : तुमच्या मळ्यातली एवढी जाड नसतात.

रुपेनी : मॅडमनी गाडीत ठेवून दिली. म्हणाल्या, तुमच्यात असंच करतात ना, मग घेऊन जा आणि त्याला परत आण. मला नको म्हणता आलं नाही.

तोमासी : म्हणजे माफी त्यांची. तुम्ही नुसते पोचवायला आलात.

रुपेनी : बोल. ऐकायलाच हवं मला. गावातून येताना ती सदऱ्याखाली लपवली होती. म्हातारी माणसं बघतील, पोरगा रीत पाळतोय म्हणून कौतुक करतील, ते सोसलं नसतं.

तोमासी : घेऊन जा ती.

रुपेनी : नेतो. रिकाम्या हातानं बसू देशील थोडा वेळ?

तोमासी : बसा ना. मी कुठं हाकललंय?

रुपेनी : तू तिथं रडतोस ते मला ठाऊक होतं. मीटिंगच्या आधीपासून.

तोमासी : कसं काय?

रुपेनी : ड्रायरच्या मागं मीही जायचो. तू असलास की परत फिरायचो.

तोमासी : कधी बोलला नाहीत.

रुपेनी : तू उभा राहिलास आणि वाटलं, यानंही मला कधीतरी पाहिलं असेल, आता माझं नाव घेईल. म्हणून घाईघाईनं हसवलं सगळ्यांना. सवय वगैरे सगळं खोटं आहे.

तोमासी : घरी माहीत आहे?

रुपेनी : कुणालाच नाही. सांगणार कुणाला? ज्याच्याशी बोलावं, तो मेव्हणाच निघतो.

तोमासी : या वर. सांगा मला. मी हसणार नाही.