पेटी टेबलावर आलीच नाही

(गिरावीन, सिडनी, १९७९. शनिवारची दुपार. स्वयंपाकघरात चित्रा आणि आर्थर. मागच्या अंगणात गवत कापायचं यंत्र घरघरतंय.)

चित्रा : ...ही घरघर ऐकली की मला आमच्या नागूमामीचं जातं आठवतं, भाऊजी. अस्संच घुमायचं. आणि त्यावर तिचा तो घोगरा आवाज,
जात्याला पुसेना कुणी, दाणा जाड की बारीक
लेकीला पुसेना कुणी, सुपारीची कंची तारीख
किती वर्षं झाली त्याला! मामी गेली, जातंही कुणी उचलून नेलं. आणि त्या दिवशी तुमचे ते म्हातारे डॉयलसाहेब समोर बसले होते ना, तर कानात तोच आवाज.

आर्थर : ओवी गोड आहे, वहिनी. पण तुम्ही शिरीषला सांगितलंत का?

चित्रा : नाही.

आर्थर : अरे देवा! आठवडाभर तो ऑफिसात माझ्याकडे बघत नाही. लंचला पाठ करून बसतो. त्याच्या लेखी मी जुडास झालोय, वहिनी. नुसती चांदीची नाणी तेवढी मिळायची राहिलीत.

चित्रा : सांगते. आज सांगते. चहा घ्या तुम्ही. बंद झालं बघा यंत्र. आले ते.

शिरीष : चित्रा, बाहेर गाडी कुणाची... अच्छा. तू.

आर्थर : आफ्टरनून, मेट. किती कापशील ते गवत? अंगणाला टक्कल पडेल.

शिरीष : मेट म्हणू नकोस मला. कशाला आलायस? उरलेले खोबऱ्याचे लॅमिंग्टन केक संपवायला?

चित्रा : अहो, बसा तरी आधी. घामाघूम झालायत.

शिरीष : तू मध्ये पडू नकोस. याला माहितीये मी काय म्हणतोय. तूच मला नेलंस ना त्या सदर्न स्टार ब्रदरहुडच्या दारापर्यंत? तूच म्हणालास, शिरीष, या देशात डिग्री भिंतीवर टांगायची असते, दारं उघडतात ती ब्रदरहुडमध्ये. कंत्राटदार तिथे, काउन्सिलवाले तिथे, आपल्या ऑफिसातले सगळे हेड तिथे.

आर्थर : म्हणालो होतो. अजूनही म्हणतो.

शिरीष : आपल्या ऑफिसातल्या त्या ग्रेगला स्लाइड-रूल धरायला मी शिकवलं. पुलाची कमान आणि सायकलचं चाक यात त्याला फरक कळत नव्हता. तो ब्रदर झाला, आणि आज माझ्या ड्रॉइंगवर सही त्याची लागते! आता ब्रिज सेक्शनच्या हेडची जागा मोकळी होतेय. ब्रदर झालो असतो तर माझी होती. ग्रेगनेच खांद्यावर हात टाकून सांगितलं, गेट इन, शेरी, अँड शी विल बी राइट, म्हणजे आत ये, सगळं जमेल. आणि गेल्या आठवड्यात ब्रदरहुडचे डॉयलसाहेब हॉलच्या पायरीवर भेटतात, टोपी काढतात आणि म्हणतात, नॉट धिस टाइम, सन. बस्स! कारण नाही, काही नाही.

आर्थर : कारण सांगायची पद्धत नाही रे.

शिरीष : कारण मला ठाऊक आहे. मतदानाच्या पेटीत हात घालायचा, पांढरी गोटी नाहीतर काळी टाकायची. एक काळी पडली की संपला माणूस. सांगणारा तूच! अरे, कुणा गोऱ्याने टाकली असती तर मी समजलो असतो. पण ते मला ओळखतात कुठे? तिथे मला ओळखणारा एकच होता, वसईचा आर्थर लोपीस. एक देशी असला म्हणजे शोभा, दोन झाले की गर्दी. हो ना?

चित्रा : अहो, पुरे!

आर्थर : बोलू द्या वहिनी. पोटात ठेवण्यापेक्षा बरं.

शिरीष : म्हणजे कबूल?

आर्थर : कबूल कसलं, बाबा! मी शपथ घेतलेला माणूस. आतलं बाहेर बोलायचं नाही. पण जे झालंच नाही, ते सांगायला शपथ कशी आडवी येईल? काळी गोटी पडली नाही, शिरीष. पांढरीही पडली नाही. पेटी टेबलावर आलीच नाही त्या दिवशी.

शिरीष : काय?

आर्थर : कपाटातून काढलीच नाही कुणी. तुझ्या नावावर मतदानच झालं नाही.

शिरीष : असं कसं? तू नाव सुचवलंस. ग्रेगने दुजोरा दिला. अर्ज गेला. तुम्ही तिघं घरी येऊन चहा पिऊन गेलात. आता मतदानच राहिलं होतं!

आर्थर : आम्ही घरी आलो, तेव्हा तू कुठे होतास?

शिरीष : अंगणात. कपड्यांच्या दोरीखाली, ओल्या चादरींत, मूर्खासारखा उभा होतो. तुमचाच रिवाज ना, नवऱ्याने बाहेर जायचं आणि आत बायकोला एक प्रश्न विचारायचा? फॉर्मॅलिटी.

आर्थर : डॉयलसाहेब आयुष्यभर तो प्रश्न विचारत आलेत. त्यांना तो फॉर्मॅलिटी वाटत नाही. आमच्या हिल्डाला विचारला तेव्हा ती म्हणाली, तिथे जेवायला घालता का? घालत असाल तर ठेवूनच घ्या.

शिरीष : हसू नकोस. तू काय... थांब. चित्रा?

चित्रा : हं.

शिरीष : त्यांनी विचारलं. आणि तू ‘येस’ म्हणालीस.

चित्रा : नाही.

शिरीष : नाही म्हणजे? विचारलंच नाही?

चित्रा : विचारलं. मी ‘नो’ म्हणाले.

शिरीष : तू... आर्थर, ही काय बोलतेय?

आर्थर : मला विचारू नकोस. मी तेव्हा खाली बघत होतो. बशीतल्या खोबऱ्याकडे.

शिरीष : अगं, पण आपण पाठ केलं होतं! इस्त्री करता करता दहादा म्हणून घेतलं होतं मी तुझ्याकडून!

चित्रा : पाठ होतंच. ‘येस, आय ॲम व्हेरी हॅपी,’ आणि मग प्लेट पुढे करायची. प्लेट उचललीसुद्धा होती मी. पण त्यांनी बशी खाली ठेवली. दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले. म्हणाले, लव्ह, आम्ही तुझ्या घरातून तुझा माणूस नेतोय. तिथे जे ऐकेल ते जन्मभर तो तुला सांगू शकणार नाही. तुझ्या मनाला हे चालतंय का? आणि मग ते थांबले.

शिरीष : थांबले म्हणजे?

चित्रा : थांबले म्हणजे गप्प बसले, अहो. घड्याळ वाजत होतं, फ्रिज गुरगुरत होता, आणि ते आपले थांबलेले. माझ्या उत्तरासाठी थांबलेलं माणूस मी तोवर पाहिलंच नव्हतं. दाखवायच्या कार्यक्रमात काकाच म्हणाले, मुलीची पसंती आहे. मी तेव्हा पोह्यांवर खोबरं घालत होते. त्या दिवशी तोंड उघडलं ते ‘येस’ म्हणायलाच, देवाशपथ. निघालं ‘नो’. माझं मलाच दचकायला झालं.

शिरीष : आणि ते काय म्हणाले?

चित्रा : थँक यू म्हणाले. उठून उभे राहून.

शिरीष : वा! त्यांनी आभार मानले, आणि इकडे माझ्या पायावर धोंडा! ती जागा कुणासाठी हवी होती मला? मी काय एकटा राहणार होतो मोठ्या घरात? माझ्या घरात बसून, माझ्या पाठीमागे, माझीच बायको...

आर्थर : शिरीष, हळू.

शिरीष : तू गप्प रे! तुला ठाऊक होतं. आठवडाभर मी तुला शिव्या घातल्या, आणि तू ऐकून घेतल्यास?

आर्थर : बायकोचं उत्तर नवऱ्याला सांगायचं नाही, हाही नियमच आहे. आणि नियम नसता तरी सांगितलं नसतं. ते वहिनींचं होतं.

शिरीष : चित्रा, मला सांगायचंस. आधी सांगायचंस, की मनात नाही म्हणून!

चित्रा : तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही पाठांतर घेतलंत.

शिरीष : पण काय अडलं होतं तुझं? आठवड्यातली एक गुरुवारची संध्याकाळ!

चित्रा : या गल्लीत माझी भाषा कळणारे तुम्ही एकटे. दिवसभर मी शब्द साठवते, खार शेंगा साठवते तशी. दुकानातली ग्रीक बाई काय म्हणाली, जॅकरांडाच्या झाडाला फूल आलं, दुधाची बाटली कुणी फोडली. संध्याकाळी सगळं तुमच्यापुढे ओतते. तुम्ही निम्मं ऐकता, तेही चालतं मला. पण तुमच्यातली एक खोली कायमची कुलपात, आणि किल्ली त्या हॉलमध्ये? मग मी बोलायचं कुणाशी? दोरीवरच्या कपड्यांशी?



आर्थर : मी निघतो. हिल्डा वाट बघत असेल. शिरीष, एक सांगून जातो. नाव कायमचं खोडलेलं नाही. पुढल्या वर्षी डॉयलसाहेब परत येतील. परत तुला अंगणात पाठवतील, परत वहिनींना विचारतील.

शिरीष : म्हणजे पुढल्या वर्षी हिने फक्त ‘येस’...

आर्थर : फक्त काय?

शिरीष : काही नाही. आर्थर, मी तुला फार बोललो रे.

आर्थर : गर्दी वगैरे म्हणालास ते लागलं. बाकीचं चहात बुडालं. नो वरीज. येतो, वहिनी.

चित्रा : हिल्डाताईंना हे चार लाडू द्या. आणि सावकाश जा.

शिरीष : गेला. चांगला माणूस आहे.

चित्रा : आहेच.

शिरीष : ती जागा आता ग्रेगच्या मेव्हण्याला जाईल.

चित्रा : माझ्यामुळे.

शिरीष : तसं नाही म्हणालो.

चित्रा : मी म्हणाले. रागवा हवं तर. मी काही ते ‘नो’ परत घेणार नाही.

शिरीष : मला अजून कळत नाहीये, चित्रा. पायाखालची फरशी सरकलीये नुसती. त्या ओल्या चादरींतून मला खिडकीत तुझी पाठ दिसत होती. ताठ बसली होतीस. मला वाटलं, छान चाललंय.

चित्रा : छानच चाललं होतं.

शिरीष : आणखी काय काय नाही विचारलं मी तुला?

चित्रा : जाऊ द्या. चहा घ्या.

शिरीष : नाही, सांग. काय नाही विचारलं?

चित्रा : तिकिटं आणलीत त्या दिवशी. विमानाची. दारातूनच ओरडलात, चित्रा, खिडकीची जागा मिळाली! मी साखर वाटली शेजारी.

शिरीष : हो. आठवतंय. माझ्या आधी तूच सगळ्यांना सांगून आलीस.

चित्रा : आले सांगून.

शिरीष : मग... यायचं होतं का तुला इथे?

चित्रा : निवला बघा चहा. दुसरा टाकते.

शिरीष : निवू दे. मी थांबलोय.

चित्रा : नव्हतं.