मेथीचा फड

मपलं माहेर चकलांब्याच्या अलीकडं एक वस्ती हाय तिथलं, पण माहेर म्हणायचं तेवढंच, बालपण वस्तीवर कमी आन् उसाच्या फडात जास्त गेलं. दसरा झाला की माय-बाप ऊस तोडायला निघायचे आन् आमी लेकरं बैलगाडीत, भांड्याकुंड्यांच्या मधी. कोपीत, म्हंजी उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपडीत, जे शिजंल ते खायचं. हे नको, ते नको म्हणायला दुसरं काय होतंच कुठं? म्हणून काय सांगू तुमाला, लेकरू जेवायलाच नको म्हणतंय म्हंजी काय, ते मला लई उशिरा कळलं.

लगीन होऊन हिकडं उमापूरच्या बाजूला आले. इथंबी तेच, नवरा-बायको मिळून ऊस तोडायचा. मग ह्यांची कंबर गेली, ते घरी बसले, आन् मी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले. खिचडी करायची, लेकरांचे हात धुवायचे, नाकं पुसायची, एखादं रडलं तर कडंवर घ्यायचं. लेकरं मला मावशी म्हणतात, आता त्यांच्या मायाबी मावशीच म्हणतात. काम आवडतंय. लेकरं खोटं बोलत न्हाईत, नको तर नकोच म्हणतात.

तर ही ईश्वरी. आमच्या गल्लीतल्या राधाची लेक, आता आमच्याच अंगणवाडीत येती. राधा आन् तिचा नवरा दरसाल कारखान्याला जातात, लेकराला संगं घेऊन जायचे. गेल्या साली राधानं ठरवलं की पोरीला आजीपाशी ठेवायचं, कारण कोपीत पोर तापानं फणफणली होती आन् तिथं थंडी अशी असती की काय सांगू. पण पोर खायची काय, चहात बुडवून खारी, न्हाईतर कोरा भात, कोरडी भाकर. ताटात हिरवा पाला दिसला की सगळं ताटच सरकवायची. राधा जाताना मला म्हणली, मावशी, खाल्लं तरच हितं ठेवते, सुकली म्हणून कळलं तर हिचा बाप येऊन घेऊन जाईल. बाप तर आधीपासूनच म्हणत होता, डोळ्यापुढं असलेली बरी.

आजी चांगली हो, पण घायकुतीची. तिनं काय केलं, मेथी बारीक चिरली आन् पिठात मळली, आन् भाकर थापून म्हणली, साधीच हाय, खा. पोरीनं भाकर मोडली, आत हिरवं दिसलं. त्या दिसापासून भाकरबी बंद. आजी डोस्क्याला हात लावून आली, आता हिच्यापुढं काय ठेवू, मपलं डोस्कं?

आमच्या अंगणवाडीच्या ताई शांत हायेत. त्या म्हणल्या, मावशी, तिला खा म्हणूच नका, नुसतं हाताळू द्या. मी म्हणलं, हाताळून पोट भरतंय का? ताई हसल्या, म्हणल्या, बगा तर.

मग मेथी आली त्या दिवशी मी जुड्या लेकरांच्या मधी टाकल्या आन् म्हणलं, निवडा. ईश्वरी भिंतीला चिकटून बसली. आता आमच्या निम्म्या लेकरांचे माय-बाप तोडीला, त्यांचा खेळ दुसरा कोणता असणार? एकानं जुडी डोक्यावर घेतली, दुसरा ट्रॅक्टर झाला, घुर्रर्र करत फिरला, तिसरा मुकादम होऊन वरडाया लागला, हात चालवा बे, गाडी भरायची हाय! अन्नाचा खेळ करू न्हाई म्हणून मी उठले होते, ताईंनी मला डोळ्यानंच बसवलं. तेवढ्यात ईश्वरी भिंतीपासून म्हणली, ह्यांना काय येतंय, पाचट तर काढलंच न्हाई. आन् आली की हो मधी. बैठक मारली, एकेक काडी धरून पाला सोलला, काड्या सारख्या लावल्या, दोरा गुंडाळून मोळी बांधली, अगदी राधासारखी, गुडघा देऊन. पाला सगळा तिच्या मांडीत, हात हिरवेगार. हात हुंगला, तोंड वाकडं केलं, आन् स्वतःच हसली.

मग रोज फड लागायला लागला. मेथी नसंल तव्हा पालक, न्हाईतर कोथिंबीर. ती धुवायची, तोडायची, लांबूनच कढईत टाकायची. एका दिवशी गाडी भरून झाली तर म्हणली, आता टोळीला वाढते. सगळ्यांना चिमूट-चिमूट भाजी वाढली, मला म्हणली, मुकादम, घ्या. मी इचारलं, तुमी हो बाई? म्हणली, मी मागून, सगळ्यांचं झाल्यावर. मी म्हणलं, आमच्या टोळीत बाया आधी जेवतात. म्हणली, असं असतंय का? म्हणलं, आमच्या टोळीत असतंय. तिनं सगळ्यांकडं बघितलं, एक पान जिभेवर ठेवलं, कडू हाय म्हणली. म्हणलं, कडूच असती, थुकायची तर थूक. थुकली. पुढच्या दिवशी पुन्हा ठेवलं, पुन्हा थुकली. मग एकदा गिळलं आन् कुणी बघितलं का म्हणून बघत राहिली. आमी कुणीच न्हाई बघितलं.

पोरीनं भाकर सोडली हे कळल्यावर संक्रांतीला बाप तिला न्यायला येणार होता. त्याच्या आधी आजीनं व्हिडिओ फोन लावला. ईश्वरीनं भाकरीत मेथी धरली, आईला दाखवून खाल्ली, वर म्हणती, कूट घालत जा गं, कडू लागत न्हाई. तिकडून बाप म्हणला, राहू द्या तिथंच.

दुसऱ्या दिवशी राधाचा मला फोन, बरं झालं म्हणली आन् रडाया लागली. मी म्हणलं, कावून रडती बाई? म्हणली, माझ्या हातचं कव्हा असं खाल्लं न्हाई तिनं, आन् आता माझ्यावाचून शिकली. मी म्हणलं, येडे, तुझाच खेळ खेळून खाती, तुझ्यासारखा गुडघा देऊन मोळी बांधती.

औंदाबी ते गेलेत. पोर हितं हाय, तिला न्यायचा विषय आता निघत न्हाई. शेपू अजून खात न्हाई, हुंगती आन् बाजूला ठेवती. ठेवू दे. आजीच्या कुशीत झोपती, सकाळी अंगणवाडीत येती, लई झालं. देवानं लेकरू तर गावात ठेवलं, मायबापाला कव्हा ठेवतो ते बघू.