अक्षांशावरून सासुरवाडी

अरे, नकाशाच्या भरवशावर सासुरवाडीला निघालेला माणूस पाहिलाय का कुणी? मी त्याच्याबरोबर चालत गेलोय. आमच्या मुरबाडचा दत्ता बोटीवर सुकाणी होता. त्या श्रावणात तो रजेवर आला होता आणि बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, शहापूरला गेली होती. एके सकाळी निरोप आला, तिला कळा सुरू झाल्यात.

मी म्हटलं, "एस्टीनं कल्याणला जाऊ, तिथून आगगाडीनं शहापूरजवळच्या आसनगावला."

दत्ता एका जागी उभा राहीना. "केवढा वळसा रे तो! शहापूर आपल्या उत्तरेला हाय. अक्षांशात बारा मिनिटांचा फरक. एका मिनिटाला एक सागरी मैल, म्हंजे बारा मैल. चालत दुपारी पोचू."

आणि निघालाच. मी मागोमाग.

बांधांवरून चालणं बरं झालं, पण पुढं काळू नदी दुथडी भरून आडवी आली. दत्ता काठावर नुसत्या येरझारा घालत राहिला. "पाणी कधी उतरंल रे? पहिलटकरीण हाय ती!" शेवटी नदी ओलांडायला उथळ उतार शोधत आम्ही भलतीकडेच गेलो, पलीकडच्या रानात वाट चुकलो आणि दुसऱ्या दिवशी चिखलानं माखून शहापूरला पोचलो.

अंगणात तान्ह्या पोरीचं रडणं ऐकलं आणि दत्ता चिखलाच्या पायांनीच दाराकडं धावला. आतून बायकोचा दमलेला आवाज आला, "साऱ्या दुनियेची बंदरं सापडतात तुमाला, नि सासुरवाडी तेवढी सापडत नाय?"