सुट्टीनंतरचं पाणी

माझी बायको वसुधा गेल्याचं तिच्या मराठी शाळेत कळलं, त्याच आठवड्यातल्या रविवारी, सुट्टीनंतर शाळा उघडायच्या दिवशी, म्युनिकच्या बसमध्ये त्या शाळेतल्या दोघी शिक्षिका माझ्यापुढे बसल्या होत्या. त्या मला ओळखत नव्हत्या.

“नीताताई, सुट्टीनंतर वर्गातला नळ वसुधाताईच सोडायच्या ना?”

“हो. लवकर येऊन, पाणी गार लागेपर्यंत वाहू द्यायच्या.”

“मी चिडवायचे, जर्मनीतसुद्धा पाण्याची भीती वाटते का म्हणून.”

“अगं, पाइप जुने आहेत. सुट्टीभर पाणी त्यातच साचून राहतं.”

“मग आज मुलं बाटल्या कशा भरणार?”

“आल्झो, म्हणजे... इमारत सांभाळणारा हाउसमाइस्टर आहे ना, तो बघेल.”

“रविवारी?”

“मग तू बघ.”

“माझ्या कुठे लक्षात राहतंय? मी पाणी घरून आणते.”

“मीपण.”

शाळेच्या स्टॉपवर त्या उतरल्या. आज नळ कोण सोडणार, ते ठरलं नव्हतं.